'खबर लहरिया': मोबाईल घेऊन गावोगाव जाणाऱ्या बातमीदार

"मॅडम, मल्टिमीडिया पत्रकार म्हणजे नक्की काय करतो?" असं वर्गात मुली विचारतात, तेव्हा मी 'खबर लहरिया'चं नाव सांगते.

उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडात, चित्रकूट जिल्ह्यातल्या करवी इथे २००२ साली हे वृत्तपत्र सुरू झालं. दिल्लीच्या 'निरंतर' या संस्थेचा त्याला आधार होता. भाषा तिथलीच, बुंदेली. काम करणाऱ्या सगळ्या महिला: दलित, मुस्लिम, आदिवासी, मागासवर्गीय. कोणाची तालीम अर्धवट राहिलेली, तर कोणी मोठेपणी लिहा-वाचायला शिकलेली. बातमी त्याच आणायच्या, लिहायच्या, आणि गावोगाव फिरून अंकही त्याच विकायच्या. संस्थापकांपैकी एक असलेल्या कविता देवी स्वतः दलित कुटुंबातल्या आहेत. २००९ मध्ये युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार या कामाला मिळाला.

पुढे छापील अंक मागे पडला आणि २०१५-१६ च्या सुमारास मोबाईल हाती आला. खरी कसोटी इथे लागली. ज्यांनी घरात स्मार्टफोन कधी धरला नव्हता, त्यांना शूटिंग, मुलाखत, एडिटिंग सगळं शिकावं लागलं. मोठ्या चॅनलकडे कॅमेरामन वेगळा, लिहिणारा वेगळा. इथे एकीनेच सगळं करायचं. बातम्या कुठल्या? हापशी बंद आहे, रेशन मिळत नाही, शौचालय फक्त कागदावर बांधलंय, बलात्काराची तक्रार ठाण्यात लिहून घेत नाहीत. राजधानीतला पत्रकार यासाठी गावात येत नाही, आणि आला तरी घरातल्या बायका त्याच्याशी बोलतील का? आपल्या मोहल्ल्याचाही अनुभव वेगळा नाही. बातमीदार दंगल झाली की येतात, नळाला पाणी नसतं तेव्हा येत नाहीत.

हे काम सोपं नाही. अधिकारी बोलायला टाळतात, धमक्या येतात, घरचे "रात्री उशीर का झाला?" म्हणून अडवतात.

रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी या महिलांवर 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट केला. २०२२ मध्ये त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. सगळीकडे कौतुक चाललेलं असताना 'खबर लहरिया'ने मात्र जाहीर निवेदन काढलं: चित्रपट प्रभावी आहे, पण आमच्या कामाचा एकच भाग त्यात दिसतो, एकाच पक्षाच्या बातम्यांवर जास्त भर आहे, ही आमची पूर्ण गोष्ट नाही. स्वतःची तारीफ होत असतानाही त्यांनी ही दुरुस्ती केली. माझ्या मुलींना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.