ज्यूरा प्रांतींचें पीत मद्य

मद्याविषयीं लेख म्हटला कीं आमच्या कांहीं वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांस इतकेंच सांगतों कीं, येथें पानाची शिफारस करावयाची नसून एका फळाचा व तें पिकविणाऱ्या लोकांचा इतिहास सांगावयाचा आहे.

फ्रान्सच्या पूर्वेस, बर्गंडी व स्वित्झर्लंड यांच्या मध्यें ज्यूरा हा लहानसा डोंगराळ मुलूख आहे. तेथें मुख्यतः पांच जातींचीं द्राक्षें होतात. शार्दोने व पिनो न्वार या जाती बर्गंडीलाही परिचित आहेत. पूल्सारची साल फार पातळ. तिचें तांबडें मद्य डाळिंबाच्या फिक्या रसासारखें दिसतें. त्रूसोचें त्याहून गडद. कांहीं द्राक्षें पूर्वीं गवताच्या काडांवर वाळवून त्यांचें गोड मद्य करीत. काडांचें नांव त्याला आजही चिकटलेलें आहे. पण ज्यूराचें खरें वैभव म्हणजे साव्हान्यँ हें उशीरा पिकणारें पांढरें द्राक्ष.

पिंपांतलें मद्य हळूहळू उडून जातें व रिकाम्या जागेंत हवा शिरते. हवा लागली कीं मद्याची शिरका होण्याचें भय, म्हणून इतरत्र पिंप वरचेवर भरून काढतात. ज्यूरांत साव्हान्यँचें पिंप भरीतच नाहींत! मद्यावर किण्वाची पातळ साय धरते व तीच त्याचें रक्षण करते. सहा वर्षांहून अधिक काळ असें राहिल्यावर तें सोनेरी होतें. जाणते त्यांत अक्रोडाची चव असल्याचें सांगतात. हेंच पीत मद्य. ज्या हवेची इतरांस धास्ती, तिच्याशींच या लोकांनीं सख्य जोडलें, आणि तेंही सूक्ष्मजंतूंचें शास्त्र जन्मास येण्यापूर्वीं, याचें आम्हांस मोठें नवल वाटतें.

तें शास्त्र उभारणारे लुई पाश्चर याच भागांतले. १८२२ सालीं डोल येथें त्यांचा जन्म झाला व बालपण आर्ब्वा गांवीं गेलें. मद्य कां बिघडतें याचा त्यांचा ग्रंथ १८६६ मध्यें प्रसिद्ध झाला. १८७८ मध्यें, नुकतेच निवर्तलेले त्यांचे स्नेही क्लोद बेर्नार यांचीं टिपणें छापलीं गेलीं. बाहेरच्या जंतूंवांचूनही रस आंबतो असा त्यांचा रोख होता. मृत मित्राशीं वाद करणें हें मोठें अवघड काम. पाश्चर यांनीं आर्ब्व्यास धांव घेतली, आपल्या वेलींवर कांचेचीं घरें उभारलीं व कांहीं घोस कापसांत गुंडाळले. त्या द्राक्षांचा रस आंबला नाहीं. उघड्या वेलींचा आंबला. वाद तेथें निकालांत निघाला.

पुढें फायलोक्सेरा या किडीनें ज्यूराचे मळे खाल्ले. रेल्वेनें दक्षिणेकडील स्वस्त मद्य आणून उरलेल्यांस जेरीस आणलें. सुमारें वीस हजार हेक्टरांचे मळे अखेर दोन हजारांवर आले. साव्हान्यँ तगलें यांत कायद्याचाही वांटा आहे, असें आमचें मत. १९३६ सालीं फ्रान्सनें ज्या पहिल्या मद्यांच्या नांवांस संरक्षण दिलें, त्यांत आर्ब्वा होतें. पीत मद्याची बाटली मात्र बासष्ट सेंटिलिटरचीच राहिली. एका लिटराचें पिंपांत सहा वर्षांनीं तेवढेंच उरतें, असा तेथला हिशेब.