जहाज दोन दिवसांचं, नदी कायमची

जर्मनीतल्या पापेनबुर्गला १७९५ पासून मायर वेर्फ्ट हा जहाज बांधण्याचा कारखाना आहे. गंमत म्हणजे समुद्र तिथून सुमारे ४० किलोमीटर दूर, आणि मधे एम्स ही अरुंद नदी! १९८६ मध्ये इथून ‘होमेरिक’ हे मोठं क्रूझ जहाज बाहेर पडलं. पुढची जहाजं आणखी मोठी होत गेली.

आता ती नेतात कशी ते बघा. जहाजाची मागची बाजू पुढे ठेवतात, म्हणजे वळणांवर ते नीट हाताळता येतं. सोबत टगबोटी असतात. २००२ पासून नदीच्या मुखाकडची दारं बंद करून पाणी चढवता येतं.

पण एवढं पुरत नाही, नदी खोलही करावी लागते. खरी गोष्ट इथे सुरू होते. पात्र खोल झालं की भरतीचा जोर वाढतो. भरती जेवढा गाळ आत आणते तेवढा ओहोटी परत नेत नाही. मऊ गाळाच्या तळामुळे घर्षण कमी होतं, म्हणून भरती आणखी जोरात आत शिरते. हे चक्र स्वतःच स्वतःला वाढवतं. उन्हाळ्यात गढूळ पाण्यातला ऑक्सिजन इतका उतरतो की मासे तग धरत नाहीत. शेवटी २०१५ मध्ये सरकार, पर्यावरण संस्था आणि कारखाना यांनी मिळून २०५० पर्यंतचा आराखडा मान्य केला.

तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल, तर एवढं लक्षात ठेवा: फोटो जहाजाचे निघतात, पण मोजायचं असतं ते जहाज गेल्यावर मागे उरलेलं पाणी.