छत्रातला वैद्य आणि न दिसणारे दुखणे

तंजावर म्हटले म्हणजे मराठी माणसाला सरस्वती महाल आठवतो, आणि ते योग्यच आहे. दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर बसले आणि पुढल्याच वर्षी राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. उरलेली तीन दशके या राजाने ग्रंथ जमविण्यात आणि रोग्यांची विचारपूस करण्यात घालविली. धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढून, तक्रार आणि उपचार नोंदलेले कागद आजही सरस्वती महालात जपलेले आहेत. आम्ही दप्तरात दिवस काढणारी माणसे. असे कागद पाहिले की आम्हांला जवळचा आप्त भेटल्यासारखे वाटते.

रामेश्वराच्या वाटेवरील छत्रे चालू राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटाला पत्र लिहिले. छत्रात केवळ अन्न मिळत नसे. तेथे वैद्यही असे. तो व्याधी, सूज आणि सापाविंचवाचे विष यांवर उपचार करी, आणि आजारी पडलेल्या यात्रेकरूला बरे होईपर्यंत ठेवून घेतले जाई. सूज डोळ्यांना दिसते; विषही अंगावर दिसते. पण जिथे सूज नाही, ताप नाही, सांधा शाबूत आहे, आणि तरीही सर्वांग ठणकते, तिथे वैद्याने काय लिहावे?

या दुखण्याला आज फायब्रोमायाल्जिया म्हणतात. १९०४ साली लंडनच्या गॉवर्सने स्नायूंतील तंतूंना दाह होतो असे मानून त्याला एक नाव दिले. पुढे दाह काही सापडेना, म्हणून १९७६ च्या सुमारास नाव बदलले. १९९० साली अमेरिकन तज्ज्ञांनी अंगावरील १८ जागा ठरविल्या आणि त्यांपैकी ११ दाबल्यावर दुखल्या तर निदान करावे असे सांगितले. २०१० मध्ये त्यांनी तो हिशेब सोडून दिला. थकवा, न विसावणारी झोप, विसराळूपणा यांची विचारणा सुरू झाली. मज्जासंस्था वेदनेचा आवाज वाढवून ऐकते, असे आता मानतात.

या रोग्यांत खिन्नता आणि चिंता पुष्कळ आढळतात. दुखण्याने झोप मोडते, मोडलेल्या झोपेने दुखणे वाढते, आणि मन खचले की दोन्ही बळावतात. पण म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. माझ्या मावशीला एका डॉक्टरांनी “हे सगळे मनाचे आहे” असे सांगून वाटेला लावले. तेव्हापासून तिने दुखते म्हणणेच सोडले. घरच्यांना वाटले, बरी झाली.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत हे वाक्य मला पुन्हा आठवते. मेट्टूरचे पाणी सुटले की कुरुवै भाताची लावणी सुरू होते, आणि बायका दिवसभर चिखलात वाकून असतात. कंबर दुखते, ती कामामुळेच, हे बहुधा खरेही असते. परंतु एखादीचे दुखणे लावणी संपली, विसावा मिळाला, तरी हटत नाही. रात्री डोळा लागत नाही, आणि तिचे बोलणे कमी होते. तिला कोणी विचारीत नाही, कारण दुखणे सर्वांनाच आहे!

तंजावरात १९५९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानसिक आरोग्याचा जिल्हा कार्यक्रम देशात १९९६ साली निघाला, आणि २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरविला. तिच्या केसपेपरवर मात्र ‘अंगदुखी’ एवढाच शब्द असतो. पुढे गोळीचे नाव, आणि झोपेविषयी काहीच नाही.