बसून प्या! : कार्लाइलमधल्या दोन निर्बंधकाळांची गोष्ट

नोकरीनिमित्त मी काही वर्षे इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या कार्लाइल शहरात राहत होतो. तिथे घराजवळच्या पबमध्ये एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याशी माझी ओळख झाली. ओळख म्हणजे एवढीच, की संध्याकाळी काउंटरला टेकून दोघांनी शेजारी उभे राहायचे, एकेक पाइंट बिअर घ्यायची आणि पाऊस, क्रिकेट, आगगाड्यांचे कोलमडलेले वेळापत्रक यांवर बोलायचे. ते विधुर होते. मी त्यांच्या घरी कधी गेलो नाही आणि तेही माझ्याकडे कधी आले नाहीत. आमचे नाते त्या काउंटरच्या दोन हात लाकडापुरतेच होते.

२०२०च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बऱ्याच दिवसांनी भेटलो, पण वेगवेगळ्या टेबलांशी बसून. त्यांच्यापुढे एक पाइंट होता आणि बशीत एक स्कॉच एग. उकडलेल्या अंड्याभोवती खिमा लपेटून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला हा पदार्थ आपल्या नर्गिसी कोफ्त्याचा चुलतभाऊ शोभावा असा असतो. त्यांना तो मुळीच आवडत नसे. निघताना त्यांनी तो कागदी रुमालात गुंडाळला आणि कुत्र्यासाठी खिशात टाकला. पण तो मागवला नसता तर त्यांना बिअर मिळाली नसती.

हे अंडे बिअरच्या ग्लासाशेजारी कसे येऊन बसले, याचा शोध घेता घेता मी शंभर वर्षे मागे गेलो. त्यासाठी मला कार्लाइलबाहेर फारसे जावे लागले नाही.

अर्धे उघडलेले दार

२० मार्च २०२० रोजी, शुक्रवारी, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्याच रात्रीपासून पब आणि उपाहारगृहे बंद करण्याचा आदेश दिला. पिंपातली बिअर फार दिवस टिकत नाही, त्यामुळे देशभरच्या तळघरांतली लाखो पाइंट बिअर ओतून द्यावी लागली. इंग्लंडमधले पब पुन्हा उघडले ते ४ जुलैला. लेस्टर शहर तेवढे त्यातून वगळले होते, कारण तिथे रुग्ण वाढल्याने स्थानिक टाळेबंदी लागू होती.

दार उघडले, पण आतले जग बदलले होते. काउंटरवर पारदर्शक पडदे आणि जमिनीवर बाण आले. गिऱ्हाइकाचे नाव आणि फोन नंबर लिहून २१ दिवस जपून ठेवायचा होता. काउंटरशी घोळका नको, म्हणून मोबाइलवरून मागणी नोंदवायची आणि ग्लास टेबलाशी यायचा. ज्यांच्याकडे अंगण होते त्यांनी तंबू ठोकले, ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी फुटपाथ मागितला. लंडनच्या सोहो भागात तर संध्याकाळी रस्ते गाड्यांना बंद करून टेबले मांडली गेली. २२ जुलैला संमत झालेल्या कायद्याने फुटपाथवर टेबले मांडण्याचे परवाने सोपे आणि स्वस्त केले.

सरकारी मदतही आली. ती कशावर आली हे पाहण्यासारखे आहे. १५ जुलैपासून उपाहारगृहांतल्या खाण्यावरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, मद्यावरचा मात्र तसाच ठेवला. ऑगस्टमध्ये सोमवार ते बुधवार जेवणाचे निम्मे बिल, माणशी १० पौंडांपर्यंत, सरकारने भरले. १६ कोटींहून अधिक जेवणे आणि सुमारे ८५ कोटी पौंड खर्च असा त्या योजनेचा पसारा होता. पण मद्य तिच्यातूनही वगळलेले होते. ज्या गल्लीतल्या पबात स्वयंपाकघरच नाही, फक्त बिअर आणि शेंगदाण्यांची पाकिटे मिळतात, त्याच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

२४ सप्टेंबरपासून रात्री १० वाजता पब बंद करण्याचा नियम झाला आणि टेबलावरची सेवा ही केवळ सूचना न राहता कायदा झाली. उभे असाल तर मास्क हवा, बसलात की काढला तरी चालेल. ऑक्टोबरमध्ये तीन पायऱ्यांची पद्धत आली. सर्वांत कडक पायरीवर, ‘भरपेट जेवण’ देणारे पबच उघडे राहतील असे ठरले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या टाळेबंदीनंतर, २ डिसेंबरपासून हीच अट मधल्या पायरीला लागली. आमचा कंब्रिया परगणा त्या पायरीवर होता. मद्य हवे तर जेवण घ्या, जेवण संपले की उठा, आणि आत दुसऱ्या घरातल्या माणसाबरोबर बसू नका. आम्ही दोन टेबलांशी बसलो होतो ते यामुळे. नियमाच्या काटेकोर अर्थाने आमचे ते बोलणेसुद्धा बसले नसते.

भरपेट म्हणजे किती, यावर मग मंत्र्यांमध्येच खल सुरू झाला. पर्यावरणमंत्री जॉर्ज युस्टिस यांना स्कॉच एग चालेलसे वाटत होते. मायकेल गोव्ह यांनी आधी त्याला जेवणाआधीची चटकमटक ठरवले आणि त्याच दिवशी माघार घेऊन जेवणाचा दर्जा दिला. स्वयंपाकघर नसलेल्या पबांसाठी सरकारने एकरकमी १,००० पौंड जाहीर केले. मालकांना ही मदतीपेक्षा थट्टाच वाटली.

शंभर वर्षांपूर्वीचे कार्लाइल

आमचा पब हॅरी रेडफर्न या वास्तुविशारदाने आखलेल्या पबांपैकी एक होता. हे नाव मी भिंतीवरच्या पाटीवर रोज वाचत असे, पण त्यामागची कथा मला ठाऊक नव्हती.

पहिल्या महायुद्धाआधी लंडनचे पब पहाटे पाचपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत उघडे असत. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच मद्यविक्रीच्या वेळांवर निर्बंध आणणारा कायदा झाला. त्याच्या नावातच ‘तात्पुरता’ हा शब्द होता. १९१५ मध्ये मद्यव्यापारावर देखरेख करणारे मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले आणि अनेक भागांत पबांची वेळ दुपारी सुमारे अडीच तास आणि संध्याकाळी सुमारे तीन तास एवढीच उरली. त्याच वर्षी दुसऱ्याला मद्य पाजण्यावरही बंदी आली. ‘आजचा राउंड माझा’ असे म्हणणे गुन्हा ठरला.

कार्लाइलजवळच्या ग्रेटना इथे तोफगोळ्यांसाठी लागणाऱ्या स्फोटकाचा प्रचंड कारखाना उभा राहत होता. हजारो मजूर संध्याकाळी गाडीने कार्लाइलला येत आणि पबांवर तुटून पडत. यावर मंडळाने १९१६ मध्ये काढलेला तोडगा इंग्लंडमध्ये तरी अभूतपूर्व होता. या भागातले पब आणि दारूभट्ट्या सरकारनेच ताब्यात घेतल्या. कित्येक पब बंद केले, दारूच्या जाहिराती उतरवल्या. व्यवस्थापक पगारी नेमले. बिअर जास्त खपवून त्यांना काही मिळणार नव्हते, मात्र खाद्यपदार्थांच्या विक्रीवर त्यांना कमिशन होते. जुन्या पोस्ट ऑफिसच्या इमारतीत ग्रेटना टॅव्हर्न उघडले, तिथे बिअरबरोबर गरम जेवण मिळे.

त्या काळच्या सुधारकांचा खास राग ‘उभ्याने पिण्या’वर होता. त्यांचे म्हणणे असे की माणूस काउंटरशी उभा राहिला की भराभर पितो, दुसऱ्याला पाजतो आणि जेवायचे विसरतो. टेबलाशी बसला, पुढे ताट आले, बरोबर बायको असली की तोच माणूस सभ्य होतो. रेडफर्न यांनी पुढे याच विचाराने पब आखले. त्यांत मोकळी दालने, भरपूर उजेड, टेबले आणि खुर्च्या असत. सरकारी पबांची ही योजना युद्धानंतरही चालत राहिली. ती गुंडाळली गेली १९७३ मध्ये.

दरम्यान लोक पुन्हा काउंटरला येऊन टेकले होते, रेडफर्न यांच्या पबांतसुद्धा. सुधारकांना जे साधले नाही ते २०२०च्या सप्टेंबरमध्ये एका फटक्यात घडले.

अन्नाचा दाखला

मद्याला जेवणाने सोज्ज्वळ करण्याची युक्ती एकट्या ब्रिटनची नव्हे. १८९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात रेन्स कायदा झाला. त्यानुसार रविवारी मद्य मिळे ते फक्त हॉटेलात आणि जेवणाबरोबर. गुत्तेवाल्यांनी माडीवर दहा खोल्या काढून ‘हॉटेल’ उभे केले आणि टेबलावर एक सँडविच ठेवले. ते कोणी खात नसे. एका गिऱ्हाइकापुढचे उचलून दुसऱ्यापुढे ठेवले जाई. खुद्द इंग्लंडमध्ये १९५५ च्या एका खटल्यात सँडविच आणि काडीला टोचलेले सॉसेज यांना न्यायालयाने ‘जेवण’ मानले होते. २०२० मध्ये वकिलांनी हा निवाडा पुन्हा बाहेर काढला. आमच्या रेल्वेवाल्या मित्रांच्या खिशातले अंडे या घराण्यातले होते.

नियम निष्कारण होते असे मला म्हणायचे नाही. बंद खोलीत, घोळक्यात, मोठमोठ्याने बोलण्यातून हा रोग पसरत होता. एप्रिल २०२१ मध्ये आधी फक्त उघड्यावर आणि १७ मेपासून आत बसायला मिळालेली परवानगी हवेचा विचार करणारी होती. पण विषाणूला ताटातला फरक कळत नाही. एक मीटर अंतरावर शेंगदाणे खाणारा आणि पाय खाणारा यांत धोका सारखाच. जेवणाच्या अटीने धोका तोलण्यापेक्षा प्रतिष्ठाच जास्त तोलली. तिची मोजपट्टी १९१६ चीच होती: बसून जेवणारा बरा, उभ्याने पिणारा संशयित.

काय उरले

१९१४ चा तो ‘तात्पुरता’ निर्बंध १९२१ मध्ये कायम झाला. दुपारी पब बंद ठेवण्याची सक्ती आठवड्याच्या दिवसांपुरती उठली ती १९८८ मध्ये, युद्ध संपून ७० वर्षे झाल्यावर. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातल्या परवान्यांनी आपल्याला ‘परमिट रूम’ हा शब्द दिला. बंदी कधीच सैल झाली, पाटी राहिली. ५ ऑक्टोबर २०२० पासून महाराष्ट्रातली हॉटेले आणि बार निम्म्या क्षमतेने उघडले. त्या महिन्यांतलेही काही ना काही आपल्याकडे राहून गेले असेलच.

इंग्लंडमध्ये फुटपाथवरच्या टेबलांचे परवाने २०२३ मध्ये कायम झाले. मोबाइलवरून मागणी नोंदवणे अनेक पबांत राहिले. १९ जुलै २०२१ ला बहुतेक निर्बंध उठले तेव्हा मी आमच्या पबमध्ये गेलो. काउंटर मोकळे होते, पण त्याच्या अर्ध्या लांबीवर सॉसच्या बाटल्या, काटे-चमचे आणि जेवणाची कार्डे मांडून ठेवली होती. दीड वर्षात मालकाने स्वयंपाकघर वाढवले होते. त्याने दुसरे करायचे तरी काय?

माझे मित्र कोपऱ्यातल्या एका टेबलाशी बसले होते. मी म्हटले, “चला, आता उभे राहता येते.” ते म्हणाले, “गुडघे आता बसायला शिकलेत.” मी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून घेतली. आम्ही समोरासमोर बसलो, आणि दोघांनाही थोडे अवघडल्यासारखे झाले. काउंटरशी शेजारी उभी असलेली दोन माणसे एकाच दिशेला पाहत असतात. त्यांना बोललेच पाहिजे असे नसते, गप्प राहिले तरी सोबत असते. टेबलाशी मात्र एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागते आणि काहीतरी बोलावे लागते.

मी दोघांसाठी बिअर मागवली. राउंड माझा होता. मुलगी मेन्यूकार्ड घेऊन आली आणि तिने विचारले, “जेवणार ना?”