एका रेघेचे पाच हजार
चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसईचा किल्ला १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकला. हेच साल रोमन अंकांत लिहायचं तर नऊ अक्षरं लागतात: एम, डी, सी, सी, एक्स, एक्स, एक्स, आय, एक्स. एम म्हणजे हजार, डी पाचशे, सी शंभर, एक्स दहा. शेवटचे आय आणि एक्स मिळून नऊ.

मोठ्या आकड्यासाठी अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ ओढायची, की किंमत हजारपट. व्ही म्हणजे पाच. वर रेघ आली की पाच हजार!

भारतातून जगभर गेलेल्या आपल्या अंकांत आकडा वाढवायचं काम शून्य करतं. पाचशेपुढे एक शून्य वाढलं, की पाच हजार. म्हणून गटाच्या कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी रक्कम अक्षरीही लिहिली आहे ना, ते वाचून घ्या.