वाघ कुणी व्हायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावी मारुतीच्या पारावर एक पट कोरलेला होता. पाच आडव्या रेघा, पाच उभ्या, त्यांना छेदणाऱ्या तिरक्या. सगळी मिळून पंचवीस ठिकाणं. पाऊस पडून गेला की रेघांत पाणी साचायचं आणि पट उठून दिसायचा. वाघ म्हणून खापराचे चार तुकडे, बकऱ्या म्हणून वीस चिंचोके. मोठा भाऊ पाराशी पोहोचला की आधी खापरं उचलायचा. मी धाकटा, त्यामुळे माझ्या वाट्याला कायम चिंचोके. हा अन्याय आहे, अशी तक्रार मी आजोबांकडे कितीदा तरी केली असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं : "खेळ सारखाच आहे. तू बकऱ्या जोडीनं उभ्या कर."

वाघ-बकरीचे आकडे मुलखागणिक बदलतात. नेपाळात चार वाघ आणि वीस बकऱ्या, तमिळ मुलखात तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या. तत्त्व मात्र एकच. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो, पण पलीकडचं घर रिकामं असेल तरच. बकरी कुणालाच खात नाही. ती फक्त वाट अडवते. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकला. चारही वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी गुरं राखणाऱ्यांना हे कुणी शिकवायला नको होतं. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये इथल्या वाघांची नोंद आहे, आणि एकटं चरणारं जनावर आधी जातं हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असतं.

आता बुद्धिबळाकडे बघा. तिथे दोन्ही बाजू सारख्या, पण मोहरी असमान. मूळ चतुरंगात सैन्याची चार अंगं : हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. प्रत्येकाची चाल वेगळी. राजाशेजारचा मंत्री, म्हणजे आपला वजीर, तिरकं एकच घर चालायचा. त्याला आजची अफाट ताकद मिळाली ती युरोपात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस. त्यानं डाव वेगवान झाला. आपल्याकडच्या देशी पद्धतीत आणखी एक नियम होता. शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं हवं ते होऊ शकत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं, त्याचाच हुद्दा त्याला मिळे. घोड्याच्या उभ्या ओळीतून निघालेल्या प्याद्यानं वजिरीची स्वप्नं पाहायची नाहीत, असाच तो हिशेब! मला हा नियम कधीच आवडला नाही, पण त्यामुळे कुठलं प्यादं राखायचं आणि कुठलं द्यायचं याचा विचार फार आधीपासून करावा लागे, हेही खरं.

याच बुद्धिबळाला ताणून १७८० मध्ये जर्मनीत ब्रुन्सविकच्या हेल्विग नावाच्या प्राध्यापकानं युद्धाचा मोठा पट तयार केला. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांना तसा खेळ शिकण्यासाठी देण्यात आला. लष्कराकडून तो हौशी लोकांकडे गेला, आणि त्यातूनच १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापला. यात अख्खं सैन्य हाती नसतं. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण एकच पात्र होतो आणि सगळे मिळून साहसाला निघतात. पहिल्या संचात पात्रांचे वर्ग तीन : योद्धा, मांत्रिक आणि धर्मगुरू.

इथे माझा पारावरचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मांत्रिक सुरुवातीला अगदी दुबळा. त्याच्याकडे एकच मंत्र, तो वापरला की संपलं. पण टिकून राहिला तर पुढे योद्धा त्याच्यापुढे हमालासारखा वाटू लागे. म्हणून कर्त्यांनी शिडीच्या पायऱ्या कमीजास्त उंचीच्या ठेवल्या. दुसऱ्या पायरीवर चढायला धर्मगुरूला १५०० अनुभव-गुण लागत, योद्ध्याला २००० आणि मांत्रिकाला २५००. तरीही कुरकुर थांबली नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्या वर्गांच्या शक्तींची मांडणी जवळजवळ एकाच साच्यात बसवली. तोल साधला, पण अनेक जुने खेळाडू म्हणू लागले की आता योद्धा काय आणि मांत्रिक काय, खेळताना सारखेच वाटतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तो साचा सोडून द्यावा लागला.

वाघ-बकरीत हे जमलेलं आहे, कारण तिथे दोघांची ताकद वेगवेगळ्या वेळी असते. सुरुवातीला पट रिकामा, वाघांना मोकळं रान. बकऱ्या एकेक करून पटावर येतात आणि विसावी बकरी मांडून होईपर्यंत त्यांना हलताही येत नाही. पण जसजसा पट भरतो, तसतशी वाघाची उडी मारायची जागा जाते. मांत्रिकासारखीच बकरीलाही आधी तग धरावी लागते.

आजोबांचं म्हणणं पुढे गणितानंही उचलून धरलं. सिंगापूरचे येव जिन लिम आणि झुरिचचे युर्ग नीव्हरगेल्ट या दोघा संगणकतज्ज्ञांनी चार वाघ आणि वीस बकऱ्यांचा नेपाळी खेळ संगणकावर तपासून काढला. दोन्ही बाजूंनी चूक केली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो, हे त्यांनी सिद्ध केलं. हा निष्कर्ष २००९ मध्ये ग्रंथरूपात आला.

ते वाचलं तेव्हा आजोबा नव्हते. मला क्षणभर वाटलं, आपण उगीच इतकी वर्षं भावावर डूख धरला. मग चिंचोके घेऊन पुन्हा पट मांडला आणि लक्षात आलं की माझी तक्रार अर्धी खरी होती. "चूक केली नाही, तर" ही अट आठ वर्षांच्या पोराला कशी लागू होणार? वाघ चुकला तर बऱ्याचदा त्याची एक चाल वाया जाते. बकरी चुकली तर ती पटावरूनच जाते. कागदावर सारखा असलेला खेळ पारावर सारखा नव्हता.

आजोबांना हे कळत असावं. कारण रड फारच वाढली की ते दोन डाव खेळायला लावायचे, बाजू बदलून. मग कुणी किती चिंचोके गमावले ते मोजायचे. भावाच्या हाती चिंचोके आले की त्याच्या बकऱ्या माझ्यापेक्षा लवकर मरायच्या. त्याला सवयच नव्हती.