गादीमागचे पिशाच : दुःस्वप्न आणि पेशव्यांचे घराणे

वाराणसीचा राजाघाट अमृतराव घाट या नावानेही ओळखला जातो. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून सात लाखांचे वर्षासन स्वीकारले. १८२४ मध्ये ते काशीस निवर्तले. पेशवाईच्या गादीवर बसलेले त्यांचे धाकटे बंधू दुसरे बाजीराव यांच्याविषयी मात्र आख्यायिका आहे की, नारायणरावांचे पिशाच त्यांना छळीत असे आणि त्याच्या शांतीसाठी त्यांनी पुण्याभोवती आमराया लावल्या. नारायणरावांचा खून १७७३ चा, बाजीरावांचा जन्म १७७५ चा. न पाहिलेल्या अपराधाचे हे भय वारशाने आलेले आहे.

वारंवार दुःस्वप्ने पडणाऱ्यांच्या मनाच्या सीमा पातळ असतात, असे अर्नेस्ट हार्टमन यांनी १९८४ मध्ये मांडले. पुढील अभ्यासांत अशा स्वप्नांचा मनोविकृतीसदृश स्वभाववैशिष्ट्यांशी सहसंबंध आढळला. तथापि सहसंबंध म्हणजे निदान नव्हे. आख्यायिकेच्या आधारे बाजीरावांना मनोरुग्ण ठरविणे म्हणूनच अनैतिहासिक होय. येथे पिशाच हे व्यक्तीच्या मनाचे लक्षण म्हणून नव्हे, तर समाजाच्या न्यायबुद्धीचे कथनरूप म्हणून वाचावे लागते : अपराधाचे ऋण लोकस्मृतीने गादीच्या वारसाकडून वसूल केले.